जुन्या डेस्कटॉपवर नवे गेम अडखळतात, नव्या लॅपटॉपवर जुने गेम उघडत नाहीत

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. दोन मशीन आहेत आणि दोघांची दुखणी एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिले मशीन डेस्कटॉप. आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच स्टिक, १३३३), जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), विंडोज १०. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. जीटीए ५ मध्ये सरासरी ५० ते ५५ फ्रेम मिळतात, पण गाडी जोरात पळवली की दर काही सेकंदांनी चित्र अर्धा सेकंद गोठते. शिवाय अर्ध्या तासानंतर फ्रेम तिशीत उतरतात आणि तिथेच राहतात.

दुसरे मशीन लॅपटॉप. रायझन ५ ७५३५एचएस, आरटीएक्स ३०५०, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, विंडोज ११ (२४एच२), डीव्हीडी ड्राइव्ह बाहेरून यूएसबीला. इथे जीटीए सॅन अँड्रियासमध्ये माउस हलत नाही आणि सीजे (गेमचा नायक) पाण्यात जागच्या जागी हातपाय मारतो. २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड मूळ डीव्हीडीवरून इन्स्टॉल होतो, पण आयकॉनवर डबल क्लिक केले की काहीच घडत नाही, एरर सुद्धा नाही. १९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये पाणी जांभळे आणि गवत लाल. प्रोजेक्ट आयजीआय काळा पडदा दाखवून बंद होतो. एका त्याहून जुन्या सीडीचा सेटअपच 'हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही' म्हणतो.

बजेट साधारण ८ हजार, सगळे डेस्कटॉपवर. आरएक्स ६५०० एक्सटी घ्यावे असा विचार आहे. इंटेल आर्कही कोणीतरी सुचवले. जाणकारांनी सांगावे. आगाऊ धन्यवाद.

तांब्याची_तार

कार्ड घ्यायच्या आधी मोजा. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी मला दोन वेगळ्या आजारांच्या वाटतात आणि त्यातला एकही कार्डाचा नसावा.

एमएसआय आफ्टरबर्नर (मशीनचे आकडे मोजणारा प्रोग्राम) टाका, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो, तो ते आकडे गेमवर दाखवतो आणि फ्रेमला मर्यादाही घालतो. आफ्टरबर्नरच्या सेटिंग्जमध्ये मॉनिटरिंगच्या टॅबवर जाऊन एवढ्या गोष्टी स्क्रीनवर दिसतील असे करा: जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वापर, व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा (सरासरी नको, सरासरी फसवते), सीपीयूचे तापमान व क्लॉक, रॅम, आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम काढायला लागलेला वेळ) आलेख स्वरूपात. आकड्यातला एफपीएस दुय्यम आहे. फ्रेमटाइमची रेघ सपाट हवी. ती काट्यासारखी उभी राहते तेव्हा बाकीचे आकडे काय म्हणतात ते बघायचे.

वाचायचे असे. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडते आहे. जीपीयू ६० टक्के आणि एखादा कोअर १०० वर, तर प्रोसेसर. गोठण्याच्या क्षणी दोन्ही खाली येत असतील तर दोघेही तिसऱ्या कोणाची तरी वाट बघताहेत, बहुधा डिस्कची. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' दुसऱ्या स्क्रीनवर किंवा मोबाइलने फोटो काढून बघा.

आणि कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टपुढे किती अँपिअर छापलेत ते इथे लिहा. वॉटचा मोठा आकडा नको.

दुपारचा_चहा

मोजले. शहरात उभे राहिल्यावर जीपीयू ९८ टक्के, चारही कोअर ८५-९५. गोठते तेव्हा जीपीयू ३५ वर येतो, कोअरही खाली येतात, डिस्क अ‍ॅक्टिव्ह टाइम १००. रॅम ७.४ जीबी भरलेली. व्हीआरॅम १९६० एमबी. सीपीयू सुरुवातीला ८० अंश, २५ मिनिटांनी १०३ ते १०५ आणि क्लॉक ३.४ गिगाहर्ट्झवरून २ च्या आसपास.

लेबल: +१२ व्होल्ट, १४ अँपिअर.

तांब्याची_तार

चित्र स्पष्ट झाले. क्रमाने घेतो.

तापमान. या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग तोडून जीव वाचवतो. अर्ध्या तासाने फ्रेम पडतात त्याचे कारण हेच. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असणार, किंवा इंटेलच्या कूलरची एखादी पिन सुटलेली असणार. दोन्ही बघा.

मशीन दहा मिनिटे चालवून बंद करा म्हणजे पेस्ट थोडी मऊ होते. वायर काढा. कूलरच्या चारही पिना डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवा, वर ओढा, कूलर डावी-उजवीकडे किंचित पिळत उचला. सरळ उपटू नका. फुंकर किंवा ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरला तर बेअरिंग जाते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा. नवी पेस्ट मधोमध, वाटाण्याहून लहान, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. बोटाने पसरायची गरज नाही, कूलरचा दाब पसरवतो.

बसवताना बहुतेकांची चूक इथे होते: पिना आधी मूळ स्थितीत उलट्या फिरवून घ्यायच्या, मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या. प्रत्येकीचा 'टक्' आवाज आला पाहिजे. मग मदरबोर्ड मागून बघा. पांढऱ्या दोन पायांच्या मधून काळी दांडी आरपार आलेली दिसली तरच पिन बसली. चारातली एक बसली नाही तर कूलर एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो आणि नवी पेस्ट लावूनही पारा पुन्हा शंभरीवर.

गोठणे. जीटीए ५ पूर्ण शहर रॅममध्ये ठेवत नाही, तुम्ही ज्या दिशेने जाल तिकडचे रस्ते-इमारती डिस्कवरून आणत राहते. हे छोट्या छोट्या विखुरलेल्या तुकड्यांचे वाचन असते आणि हार्ड डिस्क सेकंदाला असे शंभरेक तुकडेच आणू शकते. त्यात रॅम भरली की विंडोज त्याच डिस्कवर पेजफाइल (रॅममध्ये न मावलेला मजकूर) लिहायला लागते. एकाच खिडकीवर दोन रांगा.

म्हणून सॅटा एसएसडी, ५०० जीबी. एच६१ ला सॅटाचे पोर्ट ३ जीबीपीएसचेच असतात, त्यामुळे खोक्यावर ५५० लिहिलेला वेग तुम्हाला २७०-२८० एमबीच मिळेल. त्याने काही बिघडत नाही, इथे कामाला येते ती चपळाई, सलग वेग नव्हे. महागडी एसएसडी घेऊ नका. एनव्हीएमई (सॅटाऐवजी पीसीआयवर चालणारी एसएसडी) तर नकोच, या बोर्डावर तिच्यावरून बूट होत नाही.

लावण्याआधी बायोसमध्ये सॅटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) बघा. आयडीई असेल तर एएचसीआय करायचा आहे, पण थेट बदललात तर विंडोज निळा पडदा देईल, कारण न वापरलेला एएचसीआय ड्रायव्हर बूटच्या यादीतून काढलेला असतो. रन मध्ये एमएसकॉन्फिग, बूट टॅब, 'सेफ बूट' टिक करून रिस्टार्ट. लगेच बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडले की ड्रायव्हर चढतो. मग टिक काढून पुन्हा रिस्टार्ट.

रॅम. बोर्डाला दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. दुसरी ८ जीबीची स्टिक घाला, आपोआप ड्युअल चॅनल होईल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर खात्री करा. १६०० ची मिळाली तरी चालेल, दोघी १३३३ वर धावतील. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ ८ जीबी स्टिक फक्त एएमडीसाठी असतात, वर्णनात बारीक अक्षरात तसे लिहिलेले असते. इंटेल बोर्डावर त्या लावल्या की मशीन बीप देते किंवा उठतच नाही. दुकानातून घेत असाल तर तिथेच लावून दाखवायला सांगा.

आता सेटिंग्ज. २ जीबी कार्डाला टेक्स्चर 'नॉर्मल', कारण व्हीआरॅम ओसंडली की टेक्स्चर पीसीआय स्लॉटमधून ये-जा करतात. कडा गुळगुळीत करण्याच्या दोन पद्धतींपैकी जड एमएसएए बंद, हलकी एफएक्सएए चालू. गवत 'नॉर्मल'. उपनगराबाहेर फ्रेम पडतात त्या गवतामुळेच. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधला एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग शून्य. पॉप्युलेशन डेन्सिटी आणि व्हरायटी अर्ध्यावर. हे दोन स्लायडर प्रोसेसर आणि रॅमवर बसतात, कार्डावर नाही. आणि रिव्हाट्यूनरमधून फ्रेम ५० वर बांधा. विचित्र वाटेल, पण चार कोअर चार थ्रेडच्या प्रोसेसरला गेम जमेल तितक्या फ्रेम काढायला लावते आणि मग रस्ते आणणाऱ्या थ्रेडला वेळ उरत नाही. बांध घातला की त्याला श्वास मिळतो.

गंमत म्हणजे २०१५ साली जीटीए ५ पीसीवर आला तेव्हा शिफारस केलेल्या यादीत नेमका आय५-३४७० च होता. मात्र 'लेगसी' (जुनी) आवृत्तीच खेळा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'एन्हान्स्ड'ला किमान आय७-४७७० आणि एसएसडी लागते.

खिडकीतला_पंखा

कार्डाचे मी सांगतो. ६५०० एक्सटी नको.

१२ × १४ = १६८ वॉट. तुमचा एसएमपीएस खरा एवढाच आहे, ४५० चा आकडा रंगरंगोटी. प्रोसेसर ७७, ७५० टीआय ६०, वर डिस्क-पंखे. आत्ताच दीडशेच्या घरात आहात. ६५०० एक्सटी १०७ वॉटचे. लावलेत तर डेस्कटॉपवर ठीक चालेल आणि गेम सुरू होताच मशीन धाडकन रिस्टार्ट होईल, मग लोक विंडोज फॉरमॅट करत बसतात. कोणतेही कार्ड घ्यायच्या आधी ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस, +१२ वर ३० अँपिअरच्या पुढचा.

दुसरे म्हणजे ६४०० आणि ६५०० एक्सटी दोन्हींना पीसीआयच्या (कार्ड बसते त्या स्लॉटच्या) फक्त ४ लेन, म्हणजे माहितीच्या मार्गिका, आहेत. पीसीआय ४.० वर त्यांना सुमारे ८ जीबी प्रति सेकंद मिळतात, ३.० वर ४, २.० वर २. तुमचा प्रोसेसर ३.० देऊ शकतो, पण बऱ्याच एच६१ बोर्डांना त्यासाठी नवी बायोस लागते. ४ जीबी व्हीआरॅम भरली आणि रस्ता २ जीबीचा असला की पुन्हा तेच गोठणे, या वेळी पैसे देऊन.

आर्क तर अजिबात नाही. त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. तो नसेल तर कामगिरी बरीच पडते, आणि तुमच्या बोर्डावर तो नाही. शिवाय त्यांच्या हार्डवेअरमध्ये डायरेक्टएक्स ९ मुळातून नाही, भाषांतराच्या थरातून चालते. जुने गेम खेळणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

घ्यायचेच असेल तर जीटीएक्स १६५०, १६ लेनवाले, जादा वीजजोडणी नसलेले, ७५ वॉटचे. ७५० टीआय आणि १०५० टीआय या पिढ्यांना ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम-रेडी ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेचे. १६५० ट्युरिंग (त्यांच्यानंतरच्या पिढीचे) असल्याने त्यातून सुटले. सेकंडहँड घेताना जीपीयू-झेड उघडा. १०५० टीआय म्हणून जुन्या जीटीएस ४५० वर बायोस चढवून विकतात, जीपीयू-झेड नावाआधी 'फेक' लिहून दाखवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही घ्या, दुकानात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि काही गेम या डेस्कटॉपवर कोणतेही कार्ड घातले तरी नाहीत म्हणजे नाहीत. या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (जादा आज्ञांचा संच) आहे, त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ नाही. ते २०१३ च्या हॅसवेल पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून आले. ज्या गेमला एव्हीएक्स२ लागते तो उघडताच बंद होतो, हळू चालत नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरण मोजून चित्र काढण्याचे) हार्डवेअर सक्तीचे, १६५० वर ते सुरूच होत नाहीत. 'मिनिमम'च्या यादीत कार्डाचे नाव बघताना 'हळू चालेल' आणि 'चालणारच नाही' यातला फरक तिथे लिहिलेला नसतो.

आठवडी_बाजार

+१, पण एसएसडी आणि रॅमनंतर विंडोज ११ टाकून घ्या की. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रुफस या प्रोग्रामने टीपीएमची (विंडोज ११ मागते त्या सुरक्षा चिपची) तपासणी काढून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनतो, तिसऱ्या पिढीवर चालतो.

लॅपटॉपच्या जुन्या गेमसाठी एवढा खटाटोप कशाला? राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, विंडोज एक्सपी, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. झाले.

खिडकीतला_पंखा

विंडोज ११ त्या मशीनवर चढेल, पण व्हॅलोरंट खेळत असाल तर अडकाल. विंडोज ११ दिसले की त्याचा व्हॅनगार्ड (फसवणूक पकडणारा प्रोग्राम) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, नसेल तर व्हॅन ९००१ एरर. विंडोज १० वर तेच मशीन चालते. तपासणी चुकवून विंडोज टाकता येते, व्हॅनगार्डची तपासणी चुकत नाही. सुरक्षेसाठी १० चे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते लावा.

जुनी_फ्लॉपी

लॅपटॉपकडे वळतो. एक्सपी मोडबद्दल आधी बोलू, कारण सगळे तेच करतात. तो मोड एक्सपी आणत नाही. गेमने 'विंडोज कोणती?' विचारले की खोटा क्रमांक सांगतो आणि काही ठरावीक दुरुस्त्या लावतो. गेम केवळ क्रमांक बघून रुसला असेल तरच उपयोग. उलट काही गेम एक्सपी ऐकून जुन्या वाटेने जातात आणि तिथे पडतात. म्हणून तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची गरज तर गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकल्यामुळे पडते. जुने गेम सेव्ह आणि सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. विंडोज तिथे लिहू देत नाही आणि गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवते. मग सेव्ह 'गायब' होतात, मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) चालत नाहीत. डी ड्राइव्हवर गेम्स नावाचे फोल्डर करा, सगळे तिथे टाका. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

सगळ्या गेमसाठी एकदाच करायचे:

डायरेक्टएक्सचा जून २०१० चा रनटाइम टाका. विंडोजमध्ये १२ आहे तर ९ कशाला, असे विचारतात. मूळ ९ विंडोजमध्ये आहेच, पण त्याच्या डी३डीएक्स नावाच्या मदतनीस डीएलएल फाइली (२४ पासून ४३ पर्यंत) येत नाहीत. गेम नेमकी एखादी मागतो. रिकाम्या फोल्डरात उघडा आणि त्यातला डीएक्ससेटअप चालवा. एकेक डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकू नका. ३२ बिट डीएलएलची जागा सिस्टम३२ नसून सिसवॉव६४ आहे, नाव उलटे वाटले तरी. व्हिज्युअल सी++ चे २००५ पासूनचे रनटाइमही एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही टाका. जुना गेम ३२ बिट आहे, त्याला एक्स८६ च लागतो.

'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली डायरेक्टप्ले (जुन्या गेमना लागणारा विंडोजचा भाग) टिक करा.

सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे प्रत्येक गेमची एक्झी (गेम सुरू करणारी .exe फाइल) जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडा. नाहीतर लॅपटॉप कधीकधी जुना गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालवतो.

आता एकेक रुग्ण.

सॅन अँड्रियास. या गेमची चाल फ्रेमशी बांधलेली आहे. आतला लिमिटर चालू असेल तर सुमारे २५ फ्रेम मिळतात. तो बंद करून १४४ सोडल्या की पोहणे रांगते, गाड्या विचित्र वागतात. लिमिटर बंद ठेवा आणि रिव्हाट्यूनरमध्ये गेमच्या एक्झीचे वेगळे प्रोफाइल करून ३० ला बांधा. माउससाठी सायलेंटपॅच (चाहत्याने केलेला दुरुस्ती पॅच), एक्झीच्या शेजारी टाकायचा, सोबत तो गेममध्ये चढवणारा एएसआय लोडर लागतो. तरीही सुरू होताना पडत असेल तर डॉक्युमेंट्समधल्या 'जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स' फोल्डरातली .सेट फाइल उडवा, पुन्हा तयार होते. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हने उचलले असेल तर सेव्ह तिकडे जातात, हेही बघा.

२४एच२ वर तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसली असती: पाण्यावर उतरणारे स्किमर विमान गेममधून नाहीसे झाले. लोकांनी विंडोजला शिव्या घातल्या. सायलेंटपॅचच्या कर्त्याने मुळाशी जाऊन शोधले तेव्हा चूक गेमच्या वाहनांच्या यादीत निघाली. व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोट म्हणून होती. बोटीला चाकांचे माप लागत नाही, म्हणून लिहिले नव्हते. सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झाले, पण ओळ तशीच राहिली. गेम माप वाचायला जायचा, सापडायचे नाही, आणि त्याआधी वाचलेल्या वाहनाचे माप मेमरीत पडून असायचे तेच उचलायचा. वीस वर्षे हे नशिबावर चालले. २४एच२ मध्ये विंडोजच्या एका अंतर्गत फंक्शनने स्टॅकची (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेची) ती जागा वापरायला सुरुवात केली, उरलेले माप पुसले गेले आणि चाकांचा आकार अचाट झाला. विमान जणू विश्वाबाहेर फेकले गेले. सायलेंटपॅचने तेही दुरुस्त होते. 'काल चालत होते, अपडेटनंतर बंद' यावरून दोष अपडेटचाच, असे धरू नये ते यासाठी.

मोस्ट वाँटेड. डबल क्लिकला काहीच न होणे हे सेफडिस्क या कॉपीविरोधी कुलपाचे लक्षण. त्या काळातल्या बऱ्याच डिस्क सेकड्रव्ह नावाच्या ड्रायव्हरने डिस्क खरी आहे का ते तपासत. विंडोज १० पासून तो ड्रायव्हर काढून टाकला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये विंडोज ७ व ८ वरही सुरक्षेच्या अपडेटने बंद केला. त्याच्यात भोक होते, ज्यातून कोणताही प्रोग्राम अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवू शकत होता. जुना ड्रायव्हर टेस्ट मोडमध्ये परत घालायच्या कृती सापडतील, करू नका. मूळ डिस्क आहे ना, मग सेफडिस्कशिम वापरा. तो ड्रायव्हरशिवाय ती तपासणी निभावतो, डिस्क ड्राइव्हमध्ये असावी लागते. 'नो-सीडी' (डिस्कची तपासणी काढलेली) एक्झी अनोळखी साइटवरून घेणे म्हणजे काय येईल सांगता येत नाही.

गेम उघडल्यावर चित्र आडवे ताणलेले दिसेल. त्याला वाइडस्क्रीन फिक्स. आधी गेमचा १.३ पॅच, मग फिक्समधली डीइनपुट८ डीएलएल आणि स्क्रिप्ट्स फोल्डर, स्पीड.एक्झी जिथे आहे तिथे. आयएनआय फाइलमध्ये रिझोल्यूशनचे दोन्ही आकडे शून्य ठेवले की डेस्कटॉपचेच घेतो.

एज २. हा गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो. पॅलेट एकाच वेळी एकालाच वापरता येते आणि विंडोज स्वतःचे रंग मध्ये घुसवते, म्हणून जांभळे पाणी. विंडोज ७ च्या काळात लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर मारून खेळायचे. आता सीएनसी-डीड्रॉ घ्या, तो गेमचे जुने चित्रण आजच्या विंडोजवर नीट दाखवतो. त्याची डीड्रॉ डीएलएल आणि आयएनआय एक्झीच्या शेजारी ठेवा, कॉन्फिगमध्ये बॉर्डरलेस आणि 'मेंटेन आस्पेक्ट रेशो' निवडा.

आयजीआय. डीजीव्हूडू २. हा जुने डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्ट३डी आजच्या डायरेक्टएक्स ११ मध्ये बदलून देतो. त्याच्या एमएस फोल्डरात एक्स८६ नावाचा फोल्डर आहे, त्यातली डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम उचलून आयजीआयची एक्झी ज्या आतल्या फोल्डरात आहे तिथे ठेवा. एक्स६४ मधली घेणे ही नेहमीची चूक: गेम निमूट दुर्लक्ष करतो आणि माणूस म्हणतो 'डीजीव्हूडू चालत नाही'. डीजीव्हूडूच्या कंट्रोल पॅनेलची एक्झीही तिथेच ठेवा. त्यात व्हीआरॅम २५६ एमबी द्या, जास्त नको. त्या काळचे गेम मेमरी ३२ बिट आकड्यात मोजतात आणि आजच्या कार्डाचे गिगाबाइट काहींना ऋण संख्या वाटतात. पहिल्यांदा डीजीव्हूडूचा वॉटरमार्क (चित्रावरचे चिन्ह) चालू राहू द्या. कोपऱ्यात दिसला म्हणजे डीएलएल लागली. मग बंद करा.

सेटअपच न उघडणारी सीडी. गेम बहुधा ३२ बिट आहे, पण सेटअप १६ बिट. ६४ बिट विंडोज १६ बिट प्रोग्राम चालवत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच आहे. वाइनव्हीडीएम (winevdm, १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालवणारे साधन) टाका, सेटअप चालेल.

आठवडी_बाजार

एक्सपी मोडचे पटले. पण १४४ फ्रेममुळे बिघडणारे गेम फक्त २००५ च्या आधीचेच ना?

जुनी_फ्लॉपी

नाही. २०११ चा स्कायरिम ६० च्या वर गेला की त्याचे भौतिकशास्त्र बिघडते, सुरुवातीची घोडागाडी उड्या मारते. २००८ चा जीटीए ४ वेगळ्याच कारणाने अडतो, नव्या कार्डाची व्हीआरॅम ओळखत नाही आणि सेटिंग्ज वाढवूच देत नाही. त्याला कमांडलाइनमध्ये 'नोरिस्ट्रिक्शन्स' लागते. नियम सोपा: जुना गेम पहिल्यांदा ६० ला बांधून उघडायचा, गडबड दिसली तर ३०.

दुपारचा_चहा

डेस्कटॉप: एक पिन खरोखरच अर्धवट होती. पेस्ट बदलल्यावर तासाभराने ७१ अंश, क्लॉक हलत नाही. एसएसडी आणि दुसरी स्टिक घातली, एएचसीआय तुमच्या पद्धतीने. गोठणे गेले. ५० ला बांधल्यावर रेघ जवळजवळ सपाट आहे. उरलेल्यात एसएमपीएस घेतोय, कार्ड नंतर.

लॅपटॉप: सॅन अँड्रियास, एज, आयजीआय चालू. मोस्ट वाँटेड उघडतो, पण वाइडस्क्रीन फिक्स टाकल्यावरही ताणलेलाच. शिवाय सायलेंटपॅचची एक फाइल विंडोजने परस्पर उडवली.

जुनी_फ्लॉपी

मोस्ट वाँटेडची स्क्रिप्ट्स फोल्डर तपासा. झिप उघडताना बहुतेक वेळा फोल्डरात फोल्डर तयार होतो. स्पीड.एक्झी, डीइनपुट८ आणि स्क्रिप्ट्स हे तिघे एकाच पातळीवर दिसले पाहिजेत. तसे असूनही ताणले तर एक्झी १.३ नाही.

उडवलेली फाइल विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये आहे. झिप मूळ कर्त्याच्या पानावरूनच घेतली असेल तर तिथून रिस्टोअर करा आणि फक्त त्या गेमचे फोल्डर वगळा, पूर्ण डी ड्राइव्ह नको. पुढच्या वेळी झिप उघडायच्या आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' टिक करा. नाहीतर आतल्या प्रत्येक डीएलएलवर इंटरनेटवरून आल्याचा शिक्का राहतो.

खिडकीतला_पंखा

एसएमपीएस बदलताना एच६१ च्या बोर्डाला सीपीयूचा ४ पिनचा प्लग लागतो. नव्यात ४+४ येतो, त्यातला अर्धा लावायचा. ग्राफिक्स कार्डाचा ६+२ वाला दिसायला सारखा असतो, तो तिथे दाबून बसवू नका.